अरबाबाच्या घरातलं केबल

आमच्या खोलीत टीव्ही होता, पण बटणं आमच्या हातात नव्हती. हे आजच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. मालकाच्या घराच्या गच्चीवर मोठी तबकडी बसवली होती, धारूरच्या बाजारात जिलेबीवाल्याची कढई असते तिच्या चौपट. तबकडीतून एक पेटी, पेटीतून त्यांच्या दिवाणखान्यातला टीव्ही, आणि त्याच पेटीतून निघालेलं काळं केबल भिंतीवरून, खजुराच्या झाडाला आवळून, शेळ्यांच्या वाड्यावरून आमच्या खोलीत आणलेलं. वर जे लागंल तेच खाली दिसायचं. वर घोडे पळाले की खाली घोडे. वर बंद झालं की आमच्याकडं मुंग्या. निम्मं जेवण झालेलं असायचं, बघता बघता काहीतरी तोडून दुसरंच लागायचं, आणि आम्ही तेच पुढं बघायचो. सवय झालती. घरात कुणाला तरी कंटाळा आला की आमचं चित्र बदलायचं.

मी तिथं शेळ्या राखायला गेलतो. आमचं मेंढराचं घर, घाटाखालचं गाव. बाप जन्मभर मेंढरामागं हिंडला. तालुक्याचा एक माणूस म्हणाला, अरबस्तानात शेळ्या सांभाळायला माणूस पाहिजे, जातो का, तर मी गेलो. लोक तिकडं ड्रायव्हर होतात, गवंडी होतात, मी समुद्र ओलांडून शेळ्याच वळल्या. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. माझी बायको इंदू दोन जिवांची होती. निघताना ती वेशीपर्यंत आली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, आणि म्हणाली, "तिकडं ज्वारी मिळती का?" मी म्हणालो, "मिळत असंल." एवढंच बोलणं झालं.

इंदू यंदा गेली. म्हणून हे लिहायला बसलो. ती असती तर तिनं हे लिहू दिलं नसतं. आमच्या घरात त्या वर्षाचं नाव कुणी काढत नव्हतं.

खोलीत आम्ही तिघं. वर्गीस केरळचा, मालकाच्या घरचा स्वयंपाकी, त्याला इंग्रजी येत होतं. गुलखान पठाण, गाडी चालवायचा. तिसरा मी. भिंतीत एक जुना एसी बसवलेला, तो इतका घरघरायचा की बंद पडला की आम्ही दचकायचो. मागं जनरेटर, त्याच्या मागं शेळ्या. शेळ्या मात्र कुठल्याही मुलखात एकाच आवाजात ओरडतात, तेवढंच मला घरच्यासारखं होतं. खायला खबूस, म्हणजे त्यांची मैद्याची जाड रोटी, डाळ, भात, आणि वर्गीसची मासळी. मासळी मला गिळायची नाही. इंदूनं फडक्यात येसर बांधून दिला होता. येसर म्हणजे आमच्याकडचा भाजून कुटलेला मसाला, पाण्यात कालवून उकळला की आमटी होते. मी तो चिमटी चिमटीनं वापरायचो. आमटीला कढ आला की गुलखान नाकाला रुमाल लावायचा. "ओ मरहट्टे, ये क्या बारूद पकाता है?" मग तोच पहिल्यांदा ताट पुढं करायचा. मालकाला सगळे अरबाब म्हणायचे. म्हातारा अरबाब बरा होता, शेळ्यांचं विचारायचा, माझं विचारायचा नाही. त्याचा पोरगा विलायतेला शिकून आला होता, तो छोटा अरबाब. तबकडी त्याचीच, आवडही त्याची. त्यामुळं आमच्या खोलीत सदा इंग्रजी.

मला त्यातलं काय कळणार? चौथीत शाळा सुटली माझी. पण कळत नसलं तरी माणूस बघतो. एक बाई रोज दुपारी भाजी चिरायची, शिजवायची, एक चमचा चाखून हसायची. "ही वाढत कुणालाच न्हाई," मी म्हणायचो. गुलखान म्हणायचा, "इसका मियाँ भाग गया, खाना देख के." दोन माणसं कोट घालून टेबलावर गोट्या खेळायची, तासन् तास, आणि बघणारे हूं का चूं करायचे नाहीत, मयतीला बसल्यासारखे. आणि बातम्या. बातम्यांत रोज कुठं ना कुठं घरं पडलेली. कुठं बाँब, कुठं पूर. बाया रडायच्या, त्यांच्या रडण्यावर एक इंग्रजी माणूस न रडता बोलत राहायचा. आम्ही खबूस मोडत बघायचो. गुलखान विचारायचा, "ये किसका मुल्क है?" वर्गीस असला तर सांगायचा, नसला तर राहिलं.

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी असतं. इंदूचं माहेर लातूरकडं, तेरणेच्या काठी. सातव्यात तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. मग एका दुपारी अरबाबाच्या घरी फोन वाजला, वर्गीसनं उचलला, आणि मला शेळ्यांत हाक मारायला पळत आला. पायात चप्पल नव्हती त्याच्या. "लडकी! लडकी हुआ! दोनों अच्छा!" मेव्हण्यानं बाजाराच्या गावाहून फोन केला होता. मी वर जाईपर्यंत लाइन तुटली. त्या दिवशी वर्गीसनं शेवयांची खीर केली. गुलखान म्हणाला नाव काय ठेवणार. मी म्हणालो, बाराव्या दिवशी बारसं, तवा आत्याबाई ठेवतील. माझ्या मनात एक नाव होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, आताही लिहीत नाही.

बाळंतिणीची खोली आमच्याकडं कशी असते ते सांगायला पाहिजे, कारण आता सिमेंटची घरं झाली. तेव्हा माळवदं होती. हातभर रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर कमरेएवढी माती. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सगळ्यात आतल्या, सगळ्यात अंधाऱ्या खोलीत ठेवायचं. एक झरोका, तोही बोळा कोंबून बंद. बाजंखाली शेगडी, धुरी. महिना सव्वा महिना तिनं तिथून हलायचं नाही. घरातली सगळ्यात जपायची बाई, म्हणून तिला सगळ्यात आत.

बाराव्या दिवसाच्या आधीच, एका दुपारी मी आणि गुलखान जेवत होतो. वर्गीस वर वाढायला गेला होता. बातम्या लागल्या, घरं पडलेली. मी आमटीत खबूस कुस्करत होतो. गुलखाननं विचारलं, "ये किसका मुल्क है?" मी मान वर केली नाही, म्हणालो, "होगा किसी का." मग त्यानं माझ्या दंडाला धरलं. "मरहट्टे, देख. तेरे जैसी टोपी."

मी बघितलं. पांढरी टोपी, धोतर. दगडांचे ढीग, ढिगांतून माळवदाची लाकडं वर आलेली. काष्ट्याचं लुगडं नेसलेल्या बाया. एक गणपतीचा मांडव तसाच उभा, त्याच्या मागचं गाव आडवं. आणि माणसांच्या केसांत गुलाल. धुळीनं पांढरी झालेली माणसं, पण कानामागं, केसांत, गुलाबी. गणपती बुडवून लोक झोपले होते. त्या भूकंपाचं सगळ्यांना माहीत आहे, मी सांगत बसत नाही. मी हात न धुता उठलो. पडद्यावर एक म्हातारी आली, ढिगावर बसलेली, तिनं तोंड उघडलं, आणि घोडे आले. हिरवं गवत, टोप्या घातलेल्या गोऱ्या बाया, घोडे. वर कुणीतरी बटण दाबलं होतं.

मी टीव्हीवर थापड मारली. गुलखान म्हणाला, "इसको मत मार, ऊपर जा." शेळ्यांच्या वाड्यातून, खजुराखालून, केबल जिथून आलं होतं तसाच मी पळालो. तोपर्यंत त्या घराच्या पुढच्या दारानं मी कधी आत गेलो नव्हतो. मागच्या दाराशी दूध ठेवायचो. त्या दिवशी पुढचंच दार वाजवलं, दोन्ही हातांनी. छोटा अरबाब आला. तिकडच्या लोकांना आपली हिंदी थोडीफार येते. म्हणाला, "क्या हुआ? बकरी मर गया?"

"टीव्ही," मी म्हणालो. "वापस करो. मेरा गाँव है."

त्याला कळेना. वर्गीस आतून आला, त्यानं त्यांच्या भाषेत सांगितलं. पोरगा वाईट नव्हता. त्यानं बातम्या लावल्या, पण ते होऊन गेलं होतं, कुठलातरी टायवाला माणूस बोलत होता. "बैठो," तो म्हणाला. "एक घंटे में फिर आएगा. वही आता है बार-बार." मी गालिच्याच्या कडेला बसलो. पायाला शेळ्यांच्या लेंड्या, हाताला आमटी. वर्गीसनं पाणी दिलं, ते तसंच धरून बसलो. घोडे बघायचे सोडून तो पोरगा माझ्यासोबत बसला, हे मी विसरलो नाही. पण बसून काय होणार. मी घड्याळाकडं बघायचो, मग त्या टायवाल्याकडं. तो जगातली सगळी गावं एकामागून एक सांगत होता आणि आमचं गाव येईना.

मग आलं. वर्गीस उभ्यानं अक्षरं वाचायला लागला. "इंडिया. महाराष्ट्रा. लाटूर, लाटूर लिखा है. तुम्हारा बाजू में?" म्हातारी आली. डोक्यावर पदर नाही, तोंड धुळीनं भरलेलं, ओळखू येईना. माझी सासू असंल असं वाटायचं, मग नसंल असं वाटायचं. सासूला मी लग्नात आणि आखाडात, एवढंच बघितलेलं, तेही ती पदर ओढूनच बसायची. ती ढिगावर उजवा हात आपटत होती, एकाच जागी, थापी मारल्यासारखा. तिच्या तोंडापुढं कुणीतरी माईकचं काळं बोंडूक धरलं. ती बोलायला लागली. आणि लगेच तिच्या बोलण्यावर एक इंग्रजी बाई बोलायला लागली, मऊ आवाजात, पाहुण्याला चहा विचारावा तसं.

"आवाज बडा करो," मी ओरडलो. पोरानं केला. तर दोघींचाही मोठा झाला. मी गुडघ्यावर सरकत गेलो आणि टीव्हीच्या ज्या बाजूला जाळी असते तिथं कान लावला. वर ती इंग्रजी बाई, आणि तिच्याखाली, विहिरीच्या तळातून यावी तशी आपली बोली. "आत बाळंतीण हाय वं. माळवदाखाली हाय. जित्ती हाय, हितं खांदा, कुणीतरी खांदा वं बाबांनो."

वर्गीसनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळू आवाजात सांगायला लागला, "वो बोलता है, भगवान ने सब कुछ ले लिया. अभी उसका कोई नहीं बचा."

"कौन बोलता?"

"वो औरत. इंग्लिश में बताया ना."

"ती असं बोलत न्हाई!" मी मराठीतच ओरडलो. "ती म्हणतीय खांदा! आत माणूस हाय म्हणतीय!" वर्गीसला मराठी कुठलं येतंय. मी टीव्हीकडं वळलो. म्हातारीच्या मागं दोन माणसं उभी होती, एकाच्या खांद्यावर टिकाव होता. टिकाव, आणि तो नुसता कॅमेऱ्याकडं बघत होता. मी त्याला ओरडलो, "अय! खांद की बे! बघतो काय? ती हात आपटतीय तिथं खांद!" जिवाच्या आकांतानं ओरडलो. आतल्या बाया दारात आल्या. म्हातारा अरबाब नमाजाची टोपी घालून आला. मी ओरडतच होतो आणि म्हातारी गेली, दुसऱ्या कुठल्या देशाचा पाऊस लागला.

माझ्या नातवाला हे सांगितलं तर तो हसला. "आबा, ते रेकॉर्डिंग असतं. सकाळचं दुपारी दाखवतात." मला काय ते तेव्हाही माहीत नव्हतं असं नाही. पण समोर माणूस हात आपटत असला की ते डोक्यात राहत नाही.

मग फोन. धारूरला एका किराणा दुकानात फोन होता, दुकानदार बापाच्या ओळखीचा. छोट्या अरबाबानं त्याचा फोन माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, जितका पाहिजे तितका लाव. रोज लावायचो. टुंग टुंग वाजायचं. टीव्हीवर म्हातारी आणखी येत राहिली, त्याच वेळी, तसाच हात, आणि वरून तीच मऊ बाई. छोट्या अरबाबानं माझ्यासाठी तेच चॅनेल ठेवलं. मग म्हातारी यायची बंद झाली. बातमी जुनी झाली. दुसरीकडं कुठं घरं पडली असतील.

लाइन लागली तेव्हा दुकानदारानं बापाला बोलावून ठेवलं होतं. बाप टेंपोत बसून तिकडं जाऊन आला होता. फोनवर कसं बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं, तो डोंगरातून हाक मारावी तसा ओरडून बोलला.

"सून हाय."

मी म्हणालो, "अन्?"

"लेकरू न्हाई."

लाइनीत खरखर. मग बाप म्हणाला, "शेळ्या कशा हायत?"

"बऱ्या हायत," मी म्हणालो.

मला लगेच येता आलं नाही. पासपोर्ट मालकाकडं, कराराची मुदत बाकी. म्हातारा अरबाब म्हणाला, बायको जिवंत आहे ना, मग. त्याच्या हिशेबानं ते बरोबर असंल. मी उरलेले दिवस शेळ्या राखल्या. खोलीत टीव्ही चालायचा, मी त्याच्याकडं पाठ करून जेवायचो. येसर संपला तेव्हा गुलखान फडकं हुंगून म्हणाला, "अब घर जा, मरहट्टे."

घरी आलो तर इंदू अर्धी झालेली. चालताना एक पाय ओढायची. मी काही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मग बऱ्याच दिवसांनी, एकदा भाकरी थापता थापता, आपणहून बोलली. माझ्याकडं बघून नाही, परातीकडं बघून. बाजेवर तुळई आडवी पडली, तिच्यामुळं जागा राहिली. हात हलत होता, पाय नाही. लेकरू कुशीत होतं. "पीत होती," इंदू म्हणाली. "दुसऱ्या दिवशीपण पीत होती. वर आई ओरडत होती ते मला ऐकू येत होतं. मग गाडी आल्याचा आवाज आला. माणसं बोलायला लागली, मोठमोठ्यानं, कुठल्या तरी भाषेत. मला वाटलं आले आता. पोरीला म्हणलं, आले बग. तिचं तोंड चालूच होतं. मग गाडी गेली."

गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी लष्कराचे जवान आले, त्यांनी काढलं. तोपर्यंत पोरीचं तोंड थांबलं होतं. बारसं झालं नव्हतं, तिला नावच नव्हतं. नाव नसलेल्या लेकराला लोक मोजत नाहीत.

ढिगावरची म्हातारी माझी सासूच होती. सासूनं पुढं कितीदा तरी सांगितलं, गोरे आले, बोंडूक धरलं तोंडापुढं, वाटलं हे खांदणारे, म्हणून त्यांना जागा दाखवली. हात आपटून दाखवली. त्यांनी हात जोडले आणि गेले.

इंदू भाकरी थापताना बोलली, तेव्हाच मी तिला सांगितलं, की मी ते बघितलं होतं. तिकडं, टीव्हीत. तुझ्या आईचं बोलणं मला ऐकू आलं होतं.

तिचा हात थांबला. "मग तुमी काय केलं?"

"ओरडलो."

"काय म्हणून?"

"खांदा म्हणून."

तिनं भाकरी उचलली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. विचार करून म्हणाली, "मला न्हाई आलं ऐकू." त्यात टोमणा नव्हता. ती खरंच आठवून बघत होती, की तेव्हा आणखी कुणाचा आवाज आला होता का.

नंतर पोरं झाली, मोठी झाली. लेकानं घरात टीव्ही आणला, मग केबल, मग काय काय. नातवंडं इंग्रजी कार्टून लावायची. इंग्रजी सुरू झालं की इंदू उठून ओट्यावर जाऊन बसायची, पाऊस असला तरी. सुनेला वाटायचं, सासूबाईंना कळत नाही म्हणून. मी एकदाच म्हणालो, "बंद करा ते." पोरं म्हणाली, "आबा, आवाज कमी करतो." कमी आवाजात ते जास्तच वाईट वाटायचं.

शेवटच्या दुखण्यात तिला दवाखान्यात ठेवलं. तोंडावर हवेची नळी, हाताला सुया. डॉक्टर पोरगा आणि डॉक्टर पोरगी तिच्या अंगावर वाकून एकमेकांत बोलत होते. इंग्रजीत. चांगली पोरं होती, त्यांचं काम करत होती. पण इंदूचे डोळे फिरायला लागले. हात गादीवर आपटायला लागली, एकाच जागी. नर्स म्हणाली, "आजी, शांत राहा, सुई निघंल." मला कळलं ती कुठं आहे ते. त्या दवाखान्यात त्या वेळी ते मला एकट्यालाच कळत होतं.

मी डॉक्टरांच्या मधे घुसलो आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "इंदे! मी हाय हितं!"

नर्सनं माझा दंड धरला. "बाबा, ओरडू नका, बाकीचे पेशंट आहेत."

"मी हाय हितं!" मी पुन्हा ओरडलो, होता नव्हता तेवढा आवाज काढून.

तिचा हात थांबला. डोळे माझ्याकडं आले. तिनं मान हलवली, एवढीशी.

आलं ऐकू.